पेप्टाइडच्या नॅनोनलिका आणि त्यांतून वाहणारी वीज: ठाण्याच्या दमट हवेत काम करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

एम. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प म्हणून 'स्वतःहून जुळणारी पेप्टाइडे (अमिनो आम्लांच्या लहान साखळ्या) आणि त्यांचे विद्युत गुणधर्म' हा विषय निवडणारे विद्यार्थी ठाणे आणि नवी मुंबईच्या महाविद्यालयांतून दरवर्षी भेटतात. विषय आकर्षक आहे, साहित्य थोडे लागते, आणि पहिल्याच दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली लांब, सरळ, चमकणाऱ्या नलिका दिसतात. अडचण त्यानंतर सुरू होते. नलिका बनवणे हे एका दुपारचे काम असले, तरी तिच्यातून वाहणारी वीज खरोखर तिचीच आहे, तिच्या अंगावर बसलेल्या पाण्याची नाही, हे दाखवण्यात पूर्ण सत्र जाऊ शकते. म्हणून या लेखात बनवण्यापेक्षा मोजण्याला जास्त जागा दिली आहे.

पदार्थाची ओळख

सुरुवात डायफिनाइलअ‍ॅलनिनपासून करावी. फिनाइलअ‍ॅलनिन या अमिनो आम्लाचे दोन रेणू जोडून झालेले हे लहानसे पेप्टाइड आहे. अल्झायमर रोगात मेंदूत साचणाऱ्या बीटा-अमिलॉइड प्रथिनात ही जोडी आढळते. प्रथिन एकमेकांना कसे चिकटते याचा शोध घेताना तेल अवीव विद्यापीठातील मेइटल रेचेस आणि एहुद गाझित यांनी केवळ ही जोडीच पाण्यात सोडून पाहिली आणि तिच्या नलिका तयार झाल्या. त्यांचा निबंध २००३ साली प्रसिद्ध झाला. त्याच निबंधात त्यांनी नलिकेच्या पोकळीत चांदीचे आयन भरून त्यांचे धातूत रूपांतर केले, नंतर विकराने पेप्टाइडचे कवच पचवून टाकले, आणि सुमारे २० नॅनोमीटर जाडीची चांदीची तार उरली. म्हणजे या पदार्थाचा विजेशी पहिला संबंध साचा म्हणून आला, वाहक म्हणून नव्हे. हा फरक प्रकल्पाच्या पहिल्या पानापासून लक्षात ठेवावा.

या पेप्टाइडच्या स्फटिकात सहा-सहा रेणू कड्यासारखे बसतात आणि कड्यांच्या रांगेमुळे सुमारे १ नॅनोमीटर रुंदीच्या वाहिन्या तयार होतात. पेप्टाइडचा पाणी आवडणारा कणा वाहिनीच्या आतल्या बाजूला असतो, तर फिनाइल वलये बाहेरच्या बाजूला एकमेकांत अडकून बसतात. वाहिन्या पाणी धरून ठेवतात. आपण ज्याला नलिका म्हणतो आणि ज्याची जाडी शेकडो नॅनोमीटर ते काही मायक्रोमीटर असते, ती अशा असंख्य वाहिन्यांची मोळी असते. विजेच्या दृष्टीने कोरडा पदार्थ जवळजवळ निरोधक आहे, कारण त्याचे ऊर्जा-अंतर, म्हणजे बांधलेला इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा, मोठे आहे आणि खोलीच्या तापमानाला त्यात मोकळे इलेक्ट्रॉन नगण्य असतात. पाणी मात्र आत आणि बाहेर दोन्हीकडे आहे, आणि पाण्याबरोबर प्रोटॉन आलेच, जे स्वतःही वीज वाहून नेतात.

नलिका तयार करणे

प्रचलित पद्धत अशी आहे. पेप्टाइडची बाटली उणे २० अंशांवरून काढल्यावर ती बंद स्थितीतच तासभर बाहेर ठेवावी. जुलैमध्ये थंड बाटली तशीच उघडली तर आतल्या भुकटीवर दव धरते आणि पुढचे प्रत्येक वजन चुकते. मग १० मिलिग्रॅम भुकटी काचेच्या लहान कुपीत तोलून तिच्यावर हेक्झाफ्लुरोआयसोप्रोपेनॉल या द्रावकाचे १०० मायक्रोलिटर सोडावेत, म्हणजे मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम तीव्रतेचे मूळ द्रावण मिळते. त्यातील २० मायक्रोलिटर ९८० मायक्रोलिटर अतिशुद्ध पाण्यात सोडले, की तीव्रता मिलिलिटरला २ मिलिग्रॅम होते आणि द्रावण लगेच दुधाळ होऊ लागते. मूळ द्रावण साठवू नये. प्रत्येक वेळी ताजे करावे, कारण शिळ्या द्रावणात आधीच गोळा झालेले रेणू असतात आणि दोन दिवसांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत.

हा द्रावक त्रासदायक आहे. त्याचा उत्कलनबिंदू ५८ ते ५९ अंशांच्या आसपास असल्यामुळे तो झपाट्याने उडतो, आणि त्याचा थेंब डोळ्यात गेल्यास कायमची इजा होऊ शकते. चालू फ्यूम हूड (बाष्प बाहेर खेचून घेणारे कपाट), चष्मा आणि हातमोजे यांशिवाय बाटलीला हात लावू नये; नायट्राइल हातमोज्यावर थेंब पडल्यास तो तत्काळ बदलावा. मायक्रोपिपेटमधून हा द्रव आपोआप गळतो, म्हणून टिप आधी दोन-तीनदा भरून रिकामी करावी, म्हणजे आतली हवा बाष्पाने संपृक्त होते आणि माप टिकते. उरलेला द्रावक हॅलोजनयुक्त टाकाऊ द्रवांच्या वेगळ्या बाटलीत जावा. आपल्या सिंकमधले पाणी शेवटी ठाण्याच्या खाडीकडेच जाते, हे विद्यार्थ्यांना एकदा नकाशावर दाखवावे.

ज्या प्रयोगशाळेत धड चालणारा हूड नाही, त्यांना, आणि खरे तर विजेची मोजमापे करणाऱ्या सर्वांनाच, मी दुसरी पद्धत सुचवते. मिलिलिटरला २ मिलिग्रॅम या प्रमाणात पेप्टाइड सरळ पाण्यात घालून, घट्ट बंद केलेली नळी ८० ते ९० अंशांच्या पाण्यात ठेवून भुकटी पूर्ण विरघळू द्यावी आणि मग ती नळी त्याच गरम पाण्याच्या भांड्यात, भांड्यासह, सावकाश थंड होऊ द्यावी. पाकातून खडीसाखर धरावी तसे हे काम आहे. घाई केली की बारीक चुरा मिळतो, धीर धरला तर लांब नलिका मिळतात. या नलिका जाड असतात, परंतु त्यांच्यात फ्लुओरीनयुक्त द्रावकाचा अंश राहण्याची शंका उरत नाही.

दोन्ही पद्धतींत एक चूक हमखास होते. तयार नलिका 'स्वच्छ' करण्यासाठी विद्यार्थी त्यांच्यावर भरपूर शुद्ध पाणी ओततात आणि नलिका नाहीशा होतात. हे पेप्टाइड साध्या तापमानाला पाण्यात मिलिलिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा थोडे कमी विरघळते, त्यामुळे पातळ केलेल्या द्रावणात नलिका परत विरघळतात. धुवायचेच असेल, तर त्याच पेप्टाइडच्या संपृक्त, गाळलेल्या द्रावणाने धुवावे आणि जादा द्रव गाळणकागदाच्या कडेने टिपून घ्यावा.

पेप्टाइड मागवताना ते ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटिक आम्लाचा क्षार म्हणून तर येत नाही ना, हे आवर्जून विचारावे. हे आम्ल पेप्टाइड बनवताना वापरले जाते आणि त्याचा अंश राहिला तर तो मोकळे आयन पुरवतो. अवरक्त वर्णपटात सुमारे १६७३ प्रति सेंटिमीटरला त्याची पट्टी दिसते, आणि ती नेमकी पेप्टाइडच्या आपल्याला हव्या असलेल्या पट्ट्यांच्या शेजारी येऊन घोटाळा करते.

पाहणे

नलिका काही मायक्रोमीटर ते दहा-वीस मायक्रोमीटर किंवा त्याहून लांब असल्याने महाविद्यालयातील साध्या सूक्ष्मदर्शकाच्या ४० पट भिंगाखाली त्या दिसतात. ध्रुवक उपलब्ध असल्यास दोन ध्रुवक काटकोनात ठेवावेत. काळ्या पार्श्वभूमीवर नलिका उजळतात आणि स्लाइड फिरवली की विझतात. स्फटिकी क्रम आहे याची ही सर्वांत स्वस्त खूण.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी बहुतेकांना पवईला, आयआयटी मुंबईच्या 'सैफ' या सामायिक उपकरण केंद्रात जावे लागते. ठाण्याहून लोकलने कांजुरमार्गला उतरून रिक्षा करावी लागते, आणि ऐरोलीकडच्यांना खाडीपुलावरून मुलुंडमार्गे जाणे सोयीचे पडते. नमुना ओल्या स्वरूपात नेऊ नये. सिलिकॉन वेफरच्या तुकड्यावर थेंब सोडून, तो वाळवून, सिलिका जेलची पुडी घातलेल्या डबीत बंद करून न्यावा. नोंदणीच्या अर्जातच कमी त्वरण-व्होल्टता, म्हणजे २ ते ५ किलोव्होल्ट, मागावी, कारण जोरदार झोताखाली पेप्टाइड डोळ्यांदेखत जळते. नमुन्यावर सोन्याचा पातळ थर चढवला जातो, आणि म्हणूनच विजेच्या मोजमापाचा नमुना आणि सूक्ष्मदर्शकाचा नमुना यांच्या डब्या वेगळ्या रंगाच्या ठेवाव्यात. सोने चढवलेला तुकडा परत आणून त्याचीच वाहकता मोजल्याचा आणि 'धातूसारखी वाहकता' असा निष्कर्ष लिहिल्याचा एक प्रसंग मी पाहिला आहे.

इलेक्ट्रोड

पेप्टाइडचा थर कंगव्याच्या दातांसारख्या एकमेकांत गुंतलेल्या इलेक्ट्रोडांवर घ्यावा. काचेवर किंवा सिरॅमिकवर सोन्याचे दात असलेले तयार कंगवे मिळतात. १० मायक्रोमीटर फटीचा कंगवा निवडला तर काही नलिका दोन दातांमध्ये पुलासारख्या आडव्या पडतात. पैसे वाचवण्यासाठी तांब्याचा पीसीबी (मंडलाची छापील पट्टी) फेरिक क्लोराइडमध्ये खोदून कंगवा करण्याचा मोह होतो. तो टाळावा. दमट हवेत आणि व्होल्टता लावलेल्या स्थितीत तांब्याचे आयन सुटतात, पेप्टाइड त्यांना धरून ठेवते, आणि मोजलेला प्रवाह तांब्याच्या गंजण्याचा असतो.

थेंब सोडण्यापूर्वी कोरा कंगवा मोजणे अनिवार्य आहे. काचेच्या पृष्ठभागावर दमट हवेत पाण्याचा थर बसतो आणि त्यातूनही प्रवाह वाहतो. कोरा कंगवा, नुसते पाणी टाकून वाळवलेला कंगवा, आणि पेप्टाइडचा कंगवा असे तिन्ही एकाच दिवशी, ठरावीक आर्द्रतेच्या एकाच बंद बरणीत (तिची रचना पुढे दिली आहे) मोजावेत. तुलनेसाठी नुसते फिनाइलअ‍ॅलनिन वापरावे असे सुचवले जाते, परंतु ते अमिनो आम्ल स्वतःही तंतू बनवते, त्यामुळे 'न जुळणारा' नमुना म्हणून ते विश्वासाचे नाही.

आता आकडे किती लहान असतात ते पाहू. समजा, ५ मिलिमीटर लांबीचे २० दात आणि १० मायक्रोमीटर फट आहे. दातांमधल्या १९ फटी प्रत्येकी ५ मिलिमीटर धरल्या तर फटीची एकूण लांबी ९५ मिलिमीटर होते, म्हणजे रुंदीच्या ९,५०० पट. अर्ध्या व्होल्टला अर्धा नॅनोअँपिअर प्रवाह मिळाला तर रोध १ गिगाओहम झाला, आणि दर चौरसाचा रोध, म्हणजे लांबी-रुंदी सारखी असलेल्या थराच्या तुकड्याचा रोध, ९.५ टेराओहम. थराची जाडी १ मायक्रोमीटर धरली तर वाहकता सुमारे १ नॅनोसीमेन्स प्रति सेंटिमीटर येते. अतिशुद्ध पाण्याची वाहकता २५ अंशांना ५५ नॅनोसीमेन्स प्रति सेंटिमीटर असते, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषलेल्या पाण्याची साधारण १,००० नॅनोसीमेन्स. म्हणजे आपल्या थराच्या दोन टक्के आकारमानाएवढे अतिशुद्ध पाणी सलग पसरले असेल, तर पेप्टाइडने काहीही न करता हा आकडा मिळतो. प्रकल्पाचा निकाल वाचणाऱ्या परीक्षकाने पहिला प्रश्न हाच विचारायला हवा.

मोजमाप

मी स्वतः हा धडा उशिरा शिकले. एका जुलै महिन्यात आम्हाला अतिशय देखणा, पुनःपुन्हा येणारा प्रवाह मिळाला आणि आम्ही त्याचा आलेख फलकावर लावला. डिसेंबरमध्ये, उत्तरेकडचे कोरडे वारे सुरू झाल्यावर, त्याच कंगव्यावर तो प्रवाह शंभरपटीने उतरला होता. कंगवा बिघडला नव्हता. खिडकीबाहेरचे हवामान बदलले होते.

म्हणून मोजमाप उघड्या हवेत करूच नये. रुंद तोंडाची, रबरी कडीची लोणच्याची काचेची बरणी घ्यावी, झाकणातून तारा आत न्याव्यात आणि छिद्रे सिलिकॉनने बंद करावीत. तळाशी क्षाराचे संपृक्त द्रावण ठेवावे, ज्यात न विरघळलेला क्षार दिसत असेल. २५ अंशांना लिथियम क्लोराइड सुमारे ११ टक्के सापेक्ष आर्द्रता राखते, मॅग्नेशियम क्लोराइड ३३, सोडियम ब्रोमाइड ५८, साधे मीठ ७५ आणि पोटॅशियम क्लोराइड ८४ टक्के. पाच बरण्या, पाच आर्द्रता. एका छोट्या डिजिटल आर्द्रतामापकाने पडताळा घ्यावा. कंगवा प्रत्येक बरणीत रात्रभर ठेवावा आणि मगच मोजावा. आधी कोरड्याकडून दमटकडे जावे, मग उलट यावे. जाताना आणि येताना आकडे वेगळे पडतात, कारण वाहिन्यांत शिरलेले पाणी सहज बाहेर येत नाही, आणि हा फरकही निकालाचाच भाग म्हणून नोंदवावा.

व्होल्टता १ व्होल्टच्या आत ठेवावी. १.२३ व्होल्टच्या पुढे पाण्याचे विघटन शक्य होते आणि मग प्रवाहात रासायनिक क्रियेची भर पडते. साध्या मल्टिमीटरला हे प्रवाह दिसत नाहीत. इलेक्ट्रोमीटर किंवा सोर्समीटर लागतो. तो नसेल तर एफईटी प्रकारचा ऑप-अँप (स्वतः नगण्य प्रवाह घेणारा प्रवर्धक) आणि १ गिगाओहमचा रोधक वापरून प्रवाहाचे व्होल्टतेत रूपांतर करणारे मंडल बांधता येते, ज्यात १ नॅनोअँपिअरला १ व्होल्ट मिळतो. घरगुती विजेची ५० हर्ट्झची गुणगुण या मंडलात सहज शिरते. त्यावर उपाय दोन: सर्व मांडणी बिस्किटांच्या पत्र्याच्या मोठ्या डब्यात ठेवून डबा भूसंपर्कित करावा, आणि प्रत्येक वाचन २० मिलिसेकंदांच्या पूर्ण पटीत सरासरी घेऊन करावे.

प्रवाह नेमका कोण वाहतो, हे ओळखण्यासाठी तीन चाचण्या महाविद्यालयाच्या आवाक्यात आहेत. पहिली कालानुसार मोजण्याची: स्थिर व्होल्टता लावून अर्धा तास प्रवाह नोंदवावा. सोन्याच्या इलेक्ट्रोडमधून आयन पलीकडे जाऊ शकत नाहीत, ते कडेला साचतात, आणि प्रवाह उतरत जातो. इलेक्ट्रॉनांचा प्रवाह बऱ्याच अंशी टिकून राहतो. दुसरी प्रतिबाधेची, म्हणजे प्रत्यावर्ती विजेला होणाऱ्या विरोधाची: वारंवारता बदलत मोजल्यास अर्धवर्तुळ आणि त्याच्या कमी वारंवारतेच्या टोकाला तिरपी शेपटी दिसली, तर ती अडलेल्या आयनांची शेपटी आहे. तिसरी मला सर्वांत आवडते. बरणीतील साध्या पाण्याच्या जागी एनएमआर प्रयोगशाळेत असणारे जड पाणी वापरून त्याच क्षाराचे द्रावण करावे आणि कंगवा दोन-तीन दिवस त्यात मुरू द्यावा. जड पाण्यात प्रोटॉनाच्या जागी असणारा जड ड्युटेरॉन प्रोटॉनापेक्षा मंद सरकतो, त्यामुळे तेवढ्याच आर्द्रतेला प्रवाह ठळकपणे घटला, तर वाहक प्रोटॉन आहेत असे म्हणायला आधार मिळतो.

ही सावधगिरी विद्यार्थ्यांनाच लागते असे नाही. जिओबॅक्टर या जिवाणूच्या विद्युतवाहक तंतूंबद्दल अनेक वर्षे असे मानले जात होते, की ती प्रथिनांची केसासारखी रचना असून तिच्यातील फिनाइलअ‍ॅलनिनसारखी वलयी अमिनो आम्लेच इलेक्ट्रॉन पुढे सरकवतात. २०१९ मध्ये शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिल्यावर त्या वाहक तंतूंमध्ये ओएमसीएस या सायटोक्रोमची, म्हणजे लोहयुक्त हीम गटांची, साखळी आढळली.

पुढचे पर्याय

उष्णतेची चाचणी सोपी आहे आणि बोलकी आहे. सुमारे १५० अंशांपर्यंत तापवल्यावर प्रत्येक रेणूची दोन टोके जुळून, पाण्याचा एक रेणू बाहेर पडून, वलयी पेप्टाइड बनते. वाहिन्यांची मूळ मांडणी संपते. बाहेरून नलिका तशीच दिसते. तापवण्यापूर्वीचा आणि नंतरचा आर्द्रता-आलेख शेजारी ठेवला, तर वाहिन्यांतल्या पाण्याचा वाटा किती होता याचा अंदाज येतो.

दाबविद्युत गुणधर्म हा स्वतंत्र प्रकल्प आहे आणि तो खरा आहे: हा पदार्थ दाबल्यावर विद्युतभार देतो हे २०१० पासून मोजले गेले आहे, आणि वर सांगितलेल्या तापवण्यानंतर तो गुण जातो. करायचाच झाला तर बोटाने टकटक करून मिळालेल्या व्होल्टतेवर विश्वास ठेवू नये, कारण घर्षणानेही तेवढी मिळते. तारा उलट जोडल्यावर संकेताची दिशा उलटली पाहिजे, एवढी किमान अट ठेवावी. ज्यांना खरोखर इलेक्ट्रॉनांचे वहन हवे आहे, त्यांनी साध्या डायफिनाइलअ‍ॅलनिनवर वेळ घालवू नये. त्यांच्यासाठी पेप्टाइडच्या मध्ये थायोफिनची साखळी किंवा पेरिलीन डायइमाइड असे इलेक्ट्रॉन वाहून नेणारे सेंद्रिय गट बसवलेले रेणू आहेत; तिथे पेप्टाइड फक्त रांग लावून देते आणि वहन मधला भाग करतो. ते संश्लेषण मात्र दोन सत्रांत बसत नाही.

वेळापत्रक असे ठेवावे. जूनमध्ये पेप्टाइड आणि कंगवे मागवावेत आणि बरण्या तयार कराव्यात. जुलै-ऑगस्टमध्ये, हवा सर्वांत दमट असताना, फक्त कोरे कंगवे मोजून बरण्यांची गळती शोधावी. बाहेर ९० टक्के आर्द्रता असताना लिथियम क्लोराइडची बरणी रात्रभर ११ ते १५ टक्क्यांत राहिली, तर झाकण चांगले आहे. पवईच्या सूक्ष्मदर्शकाची नोंदणी सप्टेंबरमध्ये करून ठेवावी. नलिकांचे नमुने दिवाळीनंतर करावेत, एकाच बाटलीतून, एकाच आठवड्यात, किमान पाच कंगव्यांवर, आणि त्यांपैकी एक कंगवा न मोजता कोरड्या डब्यात बाजूला ठेवावा, म्हणजे फेब्रुवारीत परीक्षकाने शंका काढल्यास त्याच्यासमोर तो पहिल्यांदा मोजता येईल.